धुळ्याचं काही खरं नाही

यावल, शुक्रवार, दुपारचे जेवण झाल्यावर

आदरणीय योगराजभाऊ व सौ. विहीणबाई यांस,

यावलहून जीवराम फालक याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (एका हातानं स्वतःचा कान धरला आहे असंही समजायला हरकत नाही, पण मग नमस्कार अर्धाच होतो, म्हणून तूर्त दोन्ही हात नमस्कारातच असू द्यावेत.) इकडे सर्व ठीक. आपला गुडघा आता जिना चढू देतो का? प्रचारात घरोघर फिरायचं म्हणजे धुळ्याच्या देवपुरातले सगळे जिने आलेच. प्रत्येक मजल्यावर थोडं बसावं, पाणी मागावं. पाणी देणारा माणूस मतही देतो असा माझा अनुभव आहे. विहीणबाईंची साखर कशी आहे? आणि आमचा नातू भिंतीला धरून चालतो असं कळलं. कळलं म्हणजे आमच्या सौ. लताबाईला कळलं. मला हल्ली धुळ्याहून थेट काही कळत नाही.

आपल्याला अकरा फोन केले. आधी वाजत होता, मग वाजेनासा झाला, मग एक बाई सांगू लागल्या की हा क्रमांक व्यस्त आहे. भाऊ, कितीही मोठी निवडणूक असली तरी माणूस पहाटे सहापासून रात्रीच्या जेवणापर्यंत एका दमात व्यस्त नसतो, एवढं मला कळतं. व्हॉट्सअॅपवरचा आपला फेट्यातला फोटोही अंतर्धान पावला. तेव्हा कागद घेतला. कागदाचा एक मोठा गुण असा की तो मधेच तोंडापुढे माईक आणून ‘एका शब्दात सांगा’ म्हणत नाही. हे पत्र एसटीतल्या आमच्या जुन्या वाहकाच्या हाती, दुपारच्या गाडीनं पाठवतो आहे. संपूर्ण वाचावं. अर्धंच वाचून ठेवून दिलंत तर आपल्यात आणि त्या टीव्हीवाल्या वाहिनीत काही फरक राहणार नाही.

येत्या रविवारी नातवाचं जावळ आहे. निमंत्रण पोचलं. ‘चि. नीलेश (मामा), सौ. लताबाई व समस्त फालक परिवार.’ मामाशिवाय जावळ होत नाही, बाळ त्याच्याच मांडीवर बसतं, त्यामुळे त्याचं नाव पहिलं, हे योग्यच. लताबाईचं दुसरं, तेही योग्य. मी मात्र माझं नाव तीनदा शोधलं, चष्मा पुसून चौथ्यांदा शोधलं, आणि मग अशी समजूत घातली की ‘समस्त’मध्ये मी कुठंतरी कोपऱ्यात उभा असेन. पण परवा विहीणबाई लताबाईला फोनवर म्हणाल्या की, “पाव्हण्यांना सांगा, निवडणूक होईस्तोवर इकडे नका येऊ, वातावरण लई तापेल शे.” तेव्हा कळलं की मी ‘समस्त’मध्येसुद्धा नाही.

आता जे घडलं ते क्रमानं सांगतो. माझं सारं आयुष्य वेळापत्रकात गेलं, त्यामुळे क्रम चुकणार नाही.

दिवाळीच्या आधी ‘घणाघात न्यूज’ नावाच्या वाहिनीची गाडी यावलला आली. वर छत्रीएवढी तबकडी, पोटात वायरींचं जंजाळ. कार्यक्रमाचं नाव ‘कोण बरोबर? : खान्देश विशेष’. मंगल कार्यालयाच्या पटांगणात खुर्च्या मांडल्या. (मांडल्या म्हणजे समोरासमोर मांडल्या, जशा कबड्डीला दोन बाजू असतात तशा. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.) मी गेलो तो एकच प्रश्न घेऊन. आंबेकुंडच्या रस्त्यावरची फरशी, म्हणजे नाल्यावरचा ठेंगणा पूल, पावसाळ्यात वाहून गेली. तेव्हापासून संध्याकाळची एसटी फाट्यावरूनच परत फिरते आणि अकरावी-बारावीच्या पोरी केळीच्या बागांमधून तीन किलोमीटर अंधारात चालत जातात. त्यांतली मयुरी ही माझ्या एका जुन्या सहकाऱ्याची नात. सहापैकी दोघींच्या घरच्यांनी त्यांना कॉलेजातून काढलं. मी तीस वर्षं एसटी स्थानकावर वाहतूक नियंत्रक होतो, भाऊ. गाडी अर्ध्यातून परत फिरली की माझा हात आपोआप नोंदवहीकडे जातो. निवृत्त झालो तरी हात निवृत्त होत नाही. तेव्हा, उमेदवारांची माणसं समोर आहेत, राज्यभर दिसणार आहे, विचारून टाकू, असा माझा साधा हिशेब होता.

कोट घातलेला निवेदक येण्याआधी कॅमेरावाला आला. माझ्या सदऱ्याला बारकासा माईक लावून म्हणाला, “काका, काहीही बोला, आवाज बघायचाय.” आता तीस वर्षं ध्वनिक्षेपकावर बोललेल्या माणसाला ‘काहीही बोला’ म्हटल्यावर तो काय बोलेल? मी घसा साफ करून म्हणालो, “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. आज धुळ्याचं काही खरं नाही. आपापली दुसरी सोय बघावी.”

हे वाक्य नीट समजून घ्यावं, कारण सगळं महाभारत त्याच्यावर उभं आहे. स्थानकावर आम्ही गाडीला गावाच्या नावानं बोलावतो. भुसावळ लागलं, चोपडा पंक्चर झाला, धुळं अजून फाट्यावर आहे. कोणी भुसावळकरानं त्यावरून आमच्यावर खटला भरल्याचं ऐकिवात नाही. कॅमेरावाला हसला, “आवाज खणखणीत आहे काका,” म्हणाला, आणि मलाही बरं वाटलं. (आवाजाचं कौतुक निवृत्तीनंतर प्रथमच झालं. घरात त्याबद्दल तक्रारच असते.)

मग कार्यक्रम सुरू झाला. निवेदकानं आधीच बजावलं होतं की त्यानं हात वर केला की सगळ्यांनी आवाज करायचा. कशाबद्दल करायचा ते विचारायचं नाही. मी प्रश्न विचारायला हात वर करून वाट बघत बसलो, आणि माझा हात वर दिसल्यावर माझ्यामागच्या वीस-पंचवीस जणांनी घोषणा दिल्या, तो घोटाळा निस्तरण्यात पाच मिनिटं गेली. शेवटी निवेदक माझ्यापुढे आला. “काका, एका शब्दात सांगा, विकास की विश्वास?” मी म्हणालो, “आंबेकुंडच्या फरशीवर...” तो गर्रकन कॅमेऱ्याकडे वळला. “रस्त्याबद्दल बोलतायत काका, म्हणजे विकास! विकास म्हणतायत काका!” आणि गेला. मी एक शब्दही विकासाचा उच्चारला नव्हता, विश्वासाचा तर नव्हताच; तो तेव्हाच उडाला होता. त्यानंतर आमचे बन्सीलालआप्पा, ते सत्तेतल्या पक्षाचं काम बघतात, त्यांनी एका म्हाताऱ्या बाईला बसायला द्यावी म्हणून खुर्ची उचलली, तर चार कॅमेरे धावले. बाईला खुर्ची मिळाली नाहीच, आप्पांच्या हातातली खुर्ची मात्र राज्यात गाजली.

प्रसारणाच्या दिवशी आमच्याकडे अर्धी गल्ली जमली. लताबाईनं शेवभाजी केली होती. सात वाजता कार्यक्रम लागला. फरशी नाही, पोरी नाहीत, मीही नाही. लताबाई म्हणाली, “तुमचं कापलं वाटतं.” मी म्हणालो, धीर धर. आणि धीराचं फळ लगेच मिळालं. निवेदक म्हणाला, “आणि आता सर्वांत मोठा सवाल, धुळ्यात भाऊ येणार का?” (हे भाऊ म्हणजे आपले उमेदवार, आपण नव्हे.) धाडकन नगारा वाजला, आणि मी पडद्यावर! तांबड्या वर्तुळात! “धुळ्याचं काही खरं नाही. आपापली दुसरी सोय बघावी.” पुन्हा नगारा. पुन्हा मी. तीन वेळा. खाली अक्षरं धावत होती : ‘यावलचे ज्येष्ठ नागरिक कडाडले’. प्रवाशांनी लक्ष द्यावे हे कापलं, ‘आज’ कापलं, राहिला तो फक्त कडकडाट. गल्लीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. लताबाईनं वाजवल्या नाहीत. ती हळूच म्हणाली, “अहो, आपले व्याही त्याच भाऊंचे वॉर्डप्रमुख आहेत ना? सारं धुळं पाही राह्यलं असेल.”

भाऊ, मी टीव्ही बंद केला आणि माझ्या वाटची शेवभाजी गल्लीला वाढून टाकली.

दुसऱ्या दिवशी वाहिनीला फोन लावला. एका मुलीनं शांतपणे ऐकून घेतलं. “पण काका, हे तुम्हीच बोललात ना?” मी म्हणालो, बोललो, पण गाडीबद्दल. “कोणाच्या गाडीबद्दल? भाऊंच्या?” मी म्हणालो, बाई, एसटीबद्दल. “म्हणजे एसटीच्या प्रश्नावर तुम्ही भाऊंवर नाराज आहात?” मी फोन ठेवला. आणखी दोन मिनिटं बोललो असतो तर संध्याकाळी त्यावरही चर्चा झाली असती.

इथं दुसरा कोणी असता तर अंथरुणाला खिळला असता. मी नाही खिळलो. मी विचार केला : हे लोक आम्हाला शिकवणार वाद कसा घालायचा? ज्या माणसानं दिवाळीच्या गर्दीत एका फलाटावर नऊ गाड्या लावून एकालाही खरचटू दिलं नाही, त्याला तीन पुढारी एका ओळीत बोलवता येणार नाहीत? येतील. नियम एकच, जो स्थानकावर असतो : एका वेळी एकच गाडी फलाटावर.

लगेच शेहजादभाईंकडे गेलो. त्यांचा मंडप आणि लाउडस्पीकरचा धंदा. लग्न, उरूस, गणपती, सगळ्यांचे आवाज त्यांच्या बोटावर. त्यांना म्हणालो, तीन माईक हवेत आणि तिन्हींची बटणं तुमच्या हातात. ते म्हणाले, “जीवरामभाऊ, चाळीस साल से लोगों का आवाज बढ़ा रहा हूँ. कमी करायला आज पहिल्यांदा कोणी सांगतंय.” आणि अतिशय आनंदानं तयार झाले. परवानगीचा अर्ज केला. निवडणूक कक्षातल्या बाईंनी विचारलं, पक्ष कोणता? मी लिहिलं : प्रवासी.

मागच्या आठवड्यातल्या गुरुवारी दुपारी चार वाजता शेहजादभाईंच्या गोदामापुढे सभा भरली. सत्तेकडून बन्सीलालआप्पा, विरोधकांकडून वकील स्वप्नील, आणि अपक्षाकडून पुनाभाऊ, जे ट्रॅक्टर दुरुस्त करतात आणि सभेलाही हात पुसतच आले. प्रत्येकाला चार मिनिटं. वेळ संपली की मी म्हणणार ‘गाडी सुटली’ आणि शेहजादभाई बटण दाबणार.

आप्पांनी सुरुवात स्वातंत्र्यापासून केली. चार मिनिटांत ते कसेबसे पहिल्या पंचवार्षिक योजनेला पोचले, आणि गाडी सुटली. आवाज गेल्याचं त्यांच्या लक्षातच आलं नाही. अर्धा मिनिट ते मूठ आपटत, बोट नाचवत निःशब्द भाषण करत होते. लोकांनी भाषण असं नुसतं पाहिलं नव्हतं कधी; आधी एक बाई फिसकन हसली, मग सगळं पटांगण, आणि शेवटी आप्पा स्वतः. त्या हसण्यानं जे काम झालं ते चार तासांच्या चर्चेनं झालं नसतं. त्यानंतर कोणी कोणावर ओरडलंच नाही. ओरडून उपयोग काय, बोट शेहजादभाईंचं!

मग मी मयुरीला उभं केलं. पोरगी बारीक आवाजात बोलली, पण तिच्या बोलण्यात कोणी शिरलं नाही. फरशी कधी होणार, एवढंच विचारलं, आणि हेही सांगितलं की परवा केळीच्या बागेतून रानडुक्कर निघालं तेव्हा त्या चौघी एकमेकींच्या ओढण्या धरून पळाल्या. आप्पा म्हणाले, प्रश्न चांगला आहे. वकील म्हणाले, हा प्रश्न आप्पांना विचारा. मी म्हणालो, फलाट बदलू नका, आपल्याच फलाटावरून उत्तर द्या. आप्पांनी वकिलांकडे पाहिलं, वकिलांनी घड्याळाकडे. पुनाभाऊंनी माईक हातात घेतला आणि पोरीला म्हणाले, “मले नही माहीत, बेटा. ती फरशी कोनाकडे येते तेच मले माहीत नही. खोटं काय सांगू?”

भाऊ, मग अशा टाळ्या पडल्या की गोदामाच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. या निवडणुकीत, निदान आमच्या तालुक्यात, कोणी खरं उत्तर दिलं ते हे पहिलं.

टाळ्या थांबल्यावर मागून केळीचे व्यापारी फारुखशेठ उठले. ते उमेदवार नाहीत, कोणाचे प्रतिनिधी नाहीत, त्यांना आचारसंहितेतली आश्वासनाची बंदी नाही. ते म्हणाले, माझे ट्रकसुद्धा त्याच रस्त्यानं अडतात. सिमेंटचे चार मोठे पाइप माझ्याकडे पडून आहेत, उद्या आणून टाकतो, मुरूम कोणी आणत असेल तर बोला. तीन शेतकरी बोलले. पुनाभाऊ म्हणाले, ट्रॅक्टर मी चालवतो, झेंडा काढून. दोन दिवसांत पाइप बसले, वर मुरूम दाबला. एसटीचे साहेब स्वतः आले, रिकामी गाडी दोनदा नेऊन आणली, मान हलवली. पक्की फरशी व्हायची तेव्हा होईल. गाडी मात्र कालपासून सुरू झाली.

आणि काल संध्याकाळी कोण आलं? घणाघात न्यूज! सभेच्या दिवशी त्यांचा वार्ताहर अर्धा तास बसून, “काही राडा होणार आहे का?” असं मला दोनदा विचारून निघून गेला होता. काल मात्र विषय मिळाला : ‘फरशी कोणाची?’ आप्पांना फरशीच्या या टोकाला उभं केलं, वकिलांना त्या टोकाला, आणि निवेदकानं हात वर केला. बिचारे दोघं आठवडाभर माणसात आले होते, ते पुन्हा सुरू झाले. श्रेय आमचं, पाठपुरावा आमचा, तुम्हाला लाज कशी वाटत नाही. तेवढ्यात फाट्याकडून हॉर्न वाजला. साडेपाचची एसटी. चालकानं वेग कमी केला, पण हॉर्नवरचा हात काही काढला नाही. आप्पा इकडे सरकले, वकील तिकडे सरकले, आणि गाडी दोघांच्या मधून संथपणे फरशी ओलांडून गेली. खिडकीत मयुरी होती, शेजारी तिच्या तिघी होत्या, आणि मागच्या खिडकीत कॉलेजातून काढलेल्या दोघींपैकी एक. वडील सोबत होते. पुन्हा नाव घालून आणलं होतं. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून सवयीनं घड्याळ पाहिलं. चार मिनिटं उशीर. चालतं.

कॅमेरा मात्र आप्पा आणि वकिलांवरच होता. गाडी गेल्याचं त्यांनी टिपलंच नाही.

तेव्हा भाऊ, खुलासा असा : मी जे बोललो ते गाडीबद्दल, आपल्या उमेदवाराबद्दल नव्हे. ते निवडून येवोत वा न येवोत, तो धुळेकरांचा प्रश्न. माझं तिथं मत नाही. माझा तिथं फक्त नातू आहे. आता आपण काय तो निर्णय घ्यावा. लताबाईचा विहीणबाईंना नमस्कार, आमच्या लेकीला, डिंपलला आशीर्वाद, बाळाला पापा.

आपला (अद्याप तरी) व्याही,
जीवराम फालक

ता. क. : वरचं सगळं पत्र आपल्या प्रचार कार्यालयात मोठ्यानं वाचून दाखवायला माझी हरकत नाही, उलट दाखवावं. यापुढचं मात्र एकट्यानं वाचावं.

पुन्हा ता. क. : पत्र घडी केलं, पाकिटात घातलं आणि परत काढलं. तीस वर्षांत मी शेकडो गाड्या पुकारल्या. त्या दिवशी कॅमेरावाल्यासमोर भुसावळ म्हणता आलं असतं, चोपडा म्हणता आलं असतं. नेमकं धुळंच का म्हणालो? त्याच सकाळी आपला फोन आला होता. मी नातवासाठी बागेतला निवडक घड पाठवला होता, आणि आपण म्हणालात, “तुमच्या यावलच्या केळीनं पोराला सर्दी झाली, उरलेली म्हशीला घातली.” भाऊ, यावलच्या माणसाला काहीही बोलावं, केळीला बोलू नये. मी ‘बरं’ म्हणून फोन ठेवला, पण ते बरं नव्हतं. तेव्हा ते वाक्य गाडीबद्दल होतं हे सोळा आणे खरं, आणि बोलताना माझ्या डोळ्यांपुढे आपण होता हेही खरं. वाहिनीनं माणूस चुकीचा दाखवला, राग मात्र नेमका पकडला. तो आता गेला. पुनाभाऊंसारखं मलाही एकदा खरं बोलावंसं वाटलं, इतकंच.

जावळाच्या निमंत्रणात माझं नाव घालावं. नाही घातलंत तरी रविवारी सकाळी सातच्या गाडीनं निघतो आहे. सोबत एक घड आणतो; तो आपण स्वतः, माझ्यासमोर खायचा आहे.